इंदूरची राखी

गोव्यात वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्माची ओळख पुस्तकातून होत नाही, ती कानांनी होते. फेस्ताचा बँड, तिन्हीसांजेची इगर्जेची घंटा, शेजारच्या घरातून ऐकू येणारा तेर्स. आणि वर्षातून एकदा त्या घंटाच गप्प होतात. गुड फ्रायडेला घंटेच्या जागी लाकडी मात्राक खडखडते. आमच्यासारख्या हिंदू घरातल्या पोरांनाही त्या दिवशी कुणी न सांगता कळायचे, की आज शेजारी सुतक आहे, आरडाओरडा करायचा नाही. आणि मग दोनच रात्री सरतात न सरतात तोच तेच शेजारी नवे कपडे घालून, हसतमुखाने, एकमेकांना शुभेच्छा देत इगर्जेतून बाहेर पडायचे.

हे मला फार दिवस कोडे वाटत आले आहे. एवढे मोठे दुःख आणि एवढा मोठा आनंद, आणि मध्ये अंतर फक्त दोन रात्रींचे?

या कोड्याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक असे की, दुःख हेच मुळात चांगले, ते सोसण्यात पुण्य आहे. दुसरे असे की, इथे सोसा, वर गेल्यावर भरपाई मिळेल. मला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत. पहिल्याने जुलूम करणाऱ्याची सोय होते. दुसऱ्याने देव सावकार होतो. आज घाम गाळा, उद्या व्याजासकट घ्या. पण मग ख्रिस्ती माणूस ज्याला क्रुसाच्या वाटेवरचा आनंद म्हणतो, तो आहे तरी काय? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर गोव्यात मिळाले नाही. ते इंदूरला मिळाले.

इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांचे गाव. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आजही मराठी कानावर पडते. थोडी हिंदीच्या वळणाची, पण आपलीच. सकाळी पोहे आणि रात्री सराफ्यातली खादाडी, हे तर सगळ्या भारताला ठाऊक आहे. आणि या गावाच्या नावाबरोबर एका बाईचे नाव कायमचे जोडलेले आहे, अहिल्याबाईंचे. नवरा, सासरे, मुलगा, जावई सारे डोळ्यांदेखत गेले, मुलगी सती गेली. पण बाईंनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, न्याय केला. दुःखाचे काय करायचे ते या मुलखातल्या माणसांनी अडीचशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे.

नात्यातल्या एका लग्नासाठी माझे इंदूरला जाणे झाले. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना मी सहज विचारले, की इथे ख्रिस्ती वस्ती बरीच आहे का? त्या म्हणाल्या, "आहे की. आणि आमच्याकडे त्यांची एक राणीपण आहे." मला वाटले, त्या अहिल्याबाईंच्या अंगाने काही गंमत करताहेत. गंमत नव्हती. त्यांना म्हणायचे होते ते सिस्टर रानी मारिया यांच्याविषयी.

रानी मारिया वट्टालिल यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा. गाव केरळातले पुल्लुवळी, एर्णाकुळम जिल्ह्यातले. घर शेतकऱ्याचे. १९७२ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या जोगिणींच्या संघात प्रवेश केला. १९७५ च्या अखेरीस त्या उत्तरेला आल्या, आधी उत्तर प्रदेशात बिजनोरला, नंतर मध्य प्रदेशात सतना भागात. आणि १९९२ मध्ये उदयनगरला. उदयनगर देवास जिल्ह्यात येते, पण त्याचे जाणे-येणे, बाजारहाट इंदूरशी. इंदूरहून बस निघते, माळव्याची सपाट काळी जमीन मागे पडते आणि मग घाट आणि सागाचे जंगल सुरू होते. वस्ती मुख्यतः आदिवासींची.

या वस्तीचे दुखणे सोपे होते आणि फार जुने होते. कर्ज! पेरणीला पैसे नाहीत, आजारपणाला नाहीत, लग्नाला नाहीत. मग सावकाराचे दार. सावकाराची वही अशी असते की, तिच्यात नाव चढते ते पुसत नाही. मुद्दल फिटते, व्याज राहते. व्याज फिटते, तोवर नवे मुद्दल चढलेले असते. बाप मेला तर पान मुलाच्या नावाने पुढे चालू.

रानी मारिया यांनी काय केले? त्यांनी या लोकांना ‘सोसा, देव बघतो आहे’ असे सांगितले नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी त्यांना बँकेत नेले. सरकारी योजना काय आहेत, अर्ज कसा करायचा, कर्ज बँकेकडून सरळ कसे घ्यायचे, हे समजावले. बचत गट उभे केले. मुले शाळेत गेली पाहिजेत म्हणून घरोघर फिरल्या. म्हणजे बाईंनी सावकाराच्या वहीलाच हात घातला. ज्यांचे पोट त्या वहीवर चालत होते त्यांना ते रुचणे शक्यच नव्हते.

२५ फेब्रुवारी १९९५. त्या दिवशी सकाळी रानी मारिया उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या. तिथून पुढे त्यांना केरळला जायचे होते. त्याच बसमध्ये समंदर सिंह नावाचा एक तरुण होता. नाचनबोरच्या घाटात, जंगलात, त्याने बस थांबवायला लावली आणि त्यांच्यावर सुरीने वार केले. आधी बसमध्ये, मग बाहेर ओढून रस्त्यावर. अंगावर ५४ जखमा होत्या. शेवटपर्यंत त्या येशूचे नाव घेत होत्या असे सांगतात. प्रवाशांपैकी कुणी पुढे झाले नाही. त्यांना मी दोष देणार नाही. सुरीसमोर कोण उभा राहतो, ते आपापल्या मनाला विचारावे. वय होते ४१.

त्यांना उदयनगरलाच पुरले. समंदर सिंहला पकडले, खटला झाला, जन्मठेप झाली. गावातल्या वजनदार माणसांनी आपल्याला भरीला घातले, असे त्याने पुढे सांगितले.

इथे गोष्ट संपली असती, तर ती वर्तमानपत्रातली एक बातमी झाली असती. फार तर एक हुतात्मा, एक पुतळा, एक पुण्यतिथी. पण या गोष्टीचा खरा भाग इथून पुढे आहे.

तुरुंगात समंदर सिंहच्या डोक्यात एकच विचार होता. ज्यांनी आपल्याला या कामाला लावले ते बाहेर मोकळे आहेत आणि आपण आत आहोत. सुटल्यावर त्यांचा हिशेब करायचा. म्हणजे पाहा, एक वही अजून उघडीच होती. फक्त आता ती पैशांची नव्हती, रक्ताची होती. एका खुनाच्या पानावर दुसऱ्या खुनाची नोंद व्हायची राहिली होती. स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक पाद्री तुरुंगात त्याला भेटत राहिले. त्यांनी काय सांगितले असेल ते असो, पण ते पुन्हा पुन्हा गेले. माझ्या मते, अशा वेळी सांगण्यापेक्षा पुन्हा जाणे जास्त कामाचे.

आणि २००२ मध्ये रक्षाबंधनाच्या दिवसांत त्याला भेटायला सिस्टर सेल्मी पॉल आल्या. सेल्मी म्हणजे रानी मारिया यांची सख्खी धाकटी बहीण. त्याही त्याच संघातल्या जोगीण. त्यांनी तुरुंगात आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली.

आपल्याकडे, जुन्या गोव्याच्या वळणात, श्रावणातली ही पुनव म्हणजे सुतांपुनव. राखीचे वेड नंतरचे. पण उत्तरेत राखीचा अर्थ फार थेट आहे. ज्याच्या हाताला राखी बांधली, तो भाऊ. आता त्याने माझे रक्षण करायचे. ज्या हाताने बहिणीचे रक्षण केले नाही, एवढेच नव्हे तर तिचा जीव घेतला, त्याच हाताला ते सूत! केरळच्या ख्रिस्ती घरातल्या एका बाईने माळव्याच्या हिंदू तरुणाला क्षमा करण्यासाठी त्याचीच भाषा वापरली. बायबलचा उतारा वाचून दाखवण्यापेक्षा ही राखी त्याला अधिक लवकर समजली असणार.

मग त्या कुटुंबाने आणि संघाच्या लोकांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला. २००७ मध्ये तो केरळला गेला, त्यांच्या घरी. रानी मारिया यांच्या आईने, एलीश्वा यांनी, त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागलेले आहे, म्हणून.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण एखादी आई हे कसे करू शकते, ते मी अजून पुरते समजू शकलेलो नाही. मला एवढेच दिसते की, त्या हातांवर तिला दोन गोष्टी दिसू शकत होत्या, सुरी किंवा लेक. तिने लेक पाहिली.

कॅथरिन मॅक्गिल्व्रे या दिग्दर्शिकेने या साऱ्यावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट केला, २०१३ मध्ये. आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच, हजारो लोकांच्या समोर, रानी मारिया यांना ‘ब्लेस्ड’ म्हणून घोषित करण्यात आले. संतपदाच्या आधीची ही पायरी. आपले जुझे वाझ १९९५ ते २०१५ अशी वीस वर्षे याच पायरीवर होते, म्हणजे गोवेकरांना ती समजावून सांगायला नको. भारतातल्या कॅथलिकांत हुतात्मा म्हणून हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

काकूंकडून ही सारी कथा ऐकताना मला फ्रान्सिसची आठवण झाली. असिसीच्या संत फ्रान्सिसची. रानी मारिया यांचा संघ त्याच्याच परंपरेतला, आणि इंदूरचे कॅथेड्रलही त्याच्याच नावाचे. आणि आपल्या गोंयां व्हडल्याला, म्हणजे गोवा वेल्ह्याला, चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात संतांच्या मूर्तींची जी मिरवणूक निघते, तीही फ्रान्सिसच्याच पंथाची देणगी. त्या मिरवणुकीला जाणाऱ्या हिंदूंची संख्या थोडी नसते. मूर्ती आपण पाहतो, हात जोडतो, पंखे विकत घेतो, घरी येतो. पण हा माणूस काय म्हणत होता ते क्वचितच विचारतो.

फ्रान्सिसची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लेओ नावाच्या सोबत्याला तो सांगतो की, जगातले सारे पंडित आपल्या संघात आले, राजे आले, आपल्या हातून चमत्कार घडले, तरी तो खरा आनंद नव्हे. मग खरा आनंद कोणता? कडाक्याच्या थंडीत, चिखलात माखून, रात्री आपण आपल्याच मठाच्या दाराशी आलो. दारवानाने ओळखले नाही, हाकलून दिले, पुन्हा पुन्हा हाकलले. आणि तरीही आपले मन कडू झाले नाही, तर तो खरा आनंद.

ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती तेव्हा मला ती जरा विचित्रच वाटली होती. मार खाण्यात कसला आनंद? पण इंदूरच्या कथेनंतर तिचा कल लक्षात आला. फ्रान्सिस थंडीला आनंद म्हणत नाही, हाकलून देण्यालाही म्हणत नाही. मन कडू न होणे, यालाच तो आनंद म्हणतो. थंडी बाहेरची आहे, ती लागणारच. कडवटपणा आतला आहे, तो आपण धरला तरच राहतो. स्वतः फ्रान्सिसने आपले प्रसिद्ध सूर्यगीत रचले ते १२२५ मध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना. ज्याला उजेड सहन होत नव्हता तो सूर्याचे गुण गात होता!

संत पॉलने फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्रही असेच. ते तुरुंगातून लिहिलेले आहे आणि साऱ्या पत्रभर आनंदाची भाषा आहे.

आता कुणी म्हणेल, ही सारी साधुसंतांची आणि परक्यांची उदाहरणे झाली. तर मराठी वाचकाच्या घरातलेच उदाहरण देतो. लक्ष्मीबाई टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात मोडले. काही वर्षांची ताटातूट, नातेवाइकांचे बोलणे, जिवंत नवऱ्याची बायको असून विधवेसारखे दिवस. पुढे १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी गरिबी, टिळकांचा लहरी स्वभाव, दारी आलेल्या पोरक्या मुलांचा सांभाळ हे सारे होतेच. आणि हे सारे ज्या पुस्तकात आहे ते ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण काय करतो? हसतो! पानापानाला हसतो. ज्या बाईने एवढे भोगले तिच्या लिहिण्यात एका माणसाबद्दलही डूख नाही, सासऱ्याबद्दलही नाही. कडवटपणा नसणे म्हणजे काय, ते आपल्या भाषेत याहून चांगले कुणी लिहिले असेल असे मला वाटत नाही.

आणि टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. या पुलावर मला आता एक नवी गोष्ट दिसते. दुष्काळात तुकारामाची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. घरात बापजाद्यांपासूनच्या देण्याघेण्याची खतपत्रे होती. लोकांकडून येणे होते. महिपतीने सांगितलेली कथा अशी की, तुकोबाने आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. ज्यांनी देणे होते ते सुटले, हे तर झालेच. पण मला वाटते सर्वांत आधी सुटला तो तुकाराम. ज्याच्या घरात वही आहे त्यालाही ती वही राखत बसावे लागते. रात्री उठून ती बघावी लागते. वही बुडाल्यावर हात मोकळे झाले, टाळ धरायला!

इथे मला माझे उत्तर मिळाले. ख्रिस्ती श्रद्धा ज्या आनंदाविषयी बोलते तो दुःखाच्या बदल्यात मिळणारा आनंद नव्हे. बदल्यात मिळणारा म्हटले की पुन्हा हिशेब आला. तो हिशेब मिटवून टाकल्याचा आनंद आहे. ख्रिस्ती लोक रोज जी प्रार्थना म्हणतात, तेर्सात जी पुन्हा पुन्हा येते, तिच्यातही क्षमेची मागणी आहे आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे शब्द येतो तो ऋणाचाच. आमचे ऋण सोड, आम्ही दुसऱ्याचे सोडतो तसे. उदयनगरच्या कर्जबाजारी माणसाला त्या प्रार्थनेचा अर्थ कुणी वेगळा सांगायला नको!

पण एक फरक सांभाळला पाहिजे, नाहीतर सारे लिहिणे फुकट. रानी मारिया यांनी सावकाराची वही ‘क्षमा’ करून चालू ठेवली नाही, ती बंद पाडण्यासाठी झगडल्या. अन्याय चालू असताना ज्याच्यावर तो होतो आहे त्याला ‘क्षमा कर, आनंदात राहा’ असे सांगणे हा दुसरा अन्याय आहे. आणि क्षमा ही ज्याची जखम त्यानेच द्यायची. सेल्मी यांनी राखी बांधली ती आपल्या बहिणीच्या रक्तापोटी. तिसऱ्या माणसाने ती त्यांच्या वतीने बांधली असती तर तो नुसता समारंभ झाला असता. दुसऱ्याचे दुःख दूर करावे आणि आपल्यावर आलेले पुढे कुणाला देऊ नये, अशी ती दुहेरी वाट आहे. दोन्ही पाय लागतात. एकाच पायावर उभे राहिले की माणूस एक तर भांडखोर होतो, नाहीतर भित्रा.

गोवेकर म्हणून मला इथे कुंकळ्ळीची आठवण टाळता येत नाही. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. चर्चने १८९३ मध्ये त्यांना ‘ब्लेस्ड’ म्हटले. पण त्याच्या आधी त्या मुलखात देवळे पाडली गेली होती, आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. एकाच गावाला दोन हुताम्यांच्या ओळी, आणि दोघांची स्मारकेही वेगवेगळी. देवळाचे उत्तर सुरीने, सुरीचे उत्तर दगाबाजीने. चारशेहून अधिक वर्षे झाली. आजही कुंकळ्ळी म्हटले की गोव्यात कोण बोलतो आहे ते पाहून वाक्य ठरते. त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स राहत होते, ज्यांनी पुढे आपल्या मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. त्या पुराणात क्रुसावरून केलेल्या क्षमेची कथा आहे. पण सत्तेच्या हातात सुरी असेपर्यंत ती कथा कुणाच्या कानावर पोचणार?

इंदूर आणि कुंकळ्ळी यांची बरोबरी करायची नाही. कुंकळ्ळीत एका बाजूला राज्य होते, फौज होती. उदयनगरला एकटी बाई होती आणि बस होती. पण एवढे मात्र दिसते की, हुतात्मा मोठा असून भागत नाही. त्याच्यामागे राहिलेली माणसे त्या मरणाचे काय करतात, यावर पुढच्या शतकांची चव ठरते.

आणि शतके तरी कशाला? आमच्या आजोळी दोन मामांत एका भाटाच्या वाटणीवरून बोलणे बंद झाले, ते बावीस वर्षे. चवथीला मात्र मूळ घरात सगळ्यांनी जमायचे हा नेम. गणपती एक, चुली दोन. माटोळी अर्धी एकाने बांधायची, अर्धी दुसऱ्याने. एकाच आरतीत दोघेही टाळ्या वाजवायचे, पण डोळे गणपतीवर, एकमेकांकडे नाही. आम्ही पोरे दोन्हीकडच्या नेवऱ्या खायचो आणि आमची चैन आहे असे समजायचो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. भाटाचा निकाल लागायचा तसा कोर्टात लागला. पण त्या बावीस चवथींत त्या घरात मी कुणाला पोटातून हसताना पाहिले नाही. नंतर धाकट्या मामाच्या मोठ्या आजारपणात थोरल्या मामाची बायको, आमची व्हडली मामी, कुणालाही न विचारता पेजेची बुडकुली घेऊन दुसऱ्या चुलीकडे गेली. एवढेच झाले. भाट होता तिथेच राहिला. पण त्या वर्षी माटोळी बांधताना दोन मामांचे भांडण झाले, ते नारळ कुठे बांधायचा यावरून, आणि आम्ही सगळे हसलो.

हे उदाहरण इंदूरच्या समोर फार लहान आहे, मला ठाऊक आहे. पण लहान वहीदेखील वहीच असते.

समंदर सिंह सुटल्यापासून उदयनगरला रानी मारिया यांच्या समाधीवर जात आला आहे. आपल्या शेतात पिकलेल्यातले काही तो तिथे आणून ठेवतो, असे सांगतात. त्याला याने आनंद होतो की नाही ते त्याचे तोच जाणे. तुरुंगात गेलेली वर्षे, मोडलेले घर हे काही परत येत नाही. रानी मारियाही परत येत नाहीत. जे झाले ते झाले नाही असे कुणीच म्हणत नाही. फक्त जो माणूस सुटून दुसरा खून करणार होता तो गहू पेरतो आहे. ज्या घरात सूड शिजायचा त्या घरात तो पाहुणा म्हणून जेवून आला आहे.

दोन रात्रींच्या अंतराचे माझे कोडे आता थोडे सुटले आहे. दोन रात्री हा फेस्ताच्या पंचांगाचा हिशेब झाला. खऱ्या आयुष्यात हे अंतर सात वर्षांचे असते, बावीस वर्षांचे असते, कधी चारशे वर्षांतही ते सरत नाही. मात्राक खडखडत राहते. घंटा वाजायची असेल तर आधी कुणीतरी उठून तिच्या दोरीला हात घालावा लागतो, आणि तो हात बहुधा ज्याला सर्वांत जास्त लागलेले असते त्याचाच असतो.